स्वतःचं प्रगतिपुस्तक, स्वतःच्या हाताने

मार्च-एप्रिलचे दिवस म्हणजे बायकांच्या मागं नुसती धावपळ! मुलांच्या परीक्षा, वर्षाचं तिखट-हळद, गव्हाची खरेदी, आणि उन्हं जरा तापली की पापड-कुरडया. त्यात ज्या नोकरी करतात त्यांच्यापुढं याच दिवसांत आणखी एक कागद येऊन पडतो. हल्ली बऱ्याच ठिकाणी तो संगणकावर भरायचा असतो, एवढाच काय तो फरक. सरकारी कार्यालयांत त्याचं नाव मोठं भारदस्त आहे : स्वयंमूल्यनिर्धारण अहवाल. खासगी कंपनीत त्यालाच 'सेल्फ अप्रेझल' म्हणतात. साध्या मराठीत सांगायचं तर, गेल्या वर्षभरात तुम्ही काय केलंत आणि किती पुढं गेलात, हे तुम्हीच लिहून द्या!

आता हा कागद आपण भरतो कसा, ते जरा आठवून पाहा. शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्री, दूध तापायला ठेवून, एका हाताने मुलाचं दप्तर आवरता आवरता. आणि लिहितो काय? "नेमून दिलेली कामे वेळेत पूर्ण केली. वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली व सर्वांच्या सहकार्याने जबाबदारी पार पाडली." झालं! दोन ओळींत वर्ष संपलं. पुष्कळदा तर गेल्या वर्षीचा मजकूरच जसाच्या तसा उतरवलेला असतो.

ज्या बाईने वर्षभर पावसापाण्यात बस गाठली, दोन माणसांचं काम एकटीने ओढलं, नवीन संगणक-प्रणाली शिकून घेतली आणि शेजारच्या टेबलालाही शिकवली, तिच्या वर्षाच्या या दोन ओळी! मैत्रिणींनो, हा संकोच आपल्याला महाग पडतो. तो का पडतो आणि त्यातून बाहेर कसं यायचं, हे आज जरा सविस्तर पाहू.

स्तुती वेगळी, हिशेब वेगळा

"आपल्या तोंडानं आपलं कौतुक कसं करायचं? बरं दिसतं का ते?" असं तुम्ही म्हणाल. लहानपणापासून आपल्याला शिकवलंय तेच. समर्थ रामदासांनीसुद्धा दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगताना, जो आपली स्तुती आपणच करतो त्याची गणना मूर्खांत केली आहे. खरंच आहे ते. स्वतःचे ढोल वाजवणारा माणूस कुणालाच आवडत नाही.

पण अहवाल म्हणजे स्तुती नव्हे हो. अहवाल म्हणजे हिशेब. "मी फार कष्टाळू आहे" ही स्तुती. "एप्रिलमध्ये ६४ अर्ज पडून होते, मार्चअखेर ११ राहिले" हा हिशेब. पहिल्या वाक्यावर वाद घालता येतो, दुसऱ्यावर नाही. जमा इतकी, खर्च इतका, शिल्लक इतकी, असं म्हणताना कुणाला लाज वाटते का?

बचत गटातल्या बायकांकडे पाहा. बचत गटांसाठी जी पंचसूत्री सांगितली जाते, तिच्यात नियमित बैठक, नियमित बचत, गटातल्या गटात कर्जवाटप, वेळेवर परतफेड ही चार सूत्रं आहेत, आणि पाचवं सूत्र आहे अद्ययावत हिशेबवह्या. नुसते पैसे साठवले, वेळेवर फेडले, तरी भागत नाही. ते लिहिलेलं असावं लागतं. बँक कर्ज देताना या वह्याही बघते. ज्या बाईला चारचौघींत बोलायचा संकोच, तीच गटाची वही कशी चोख ठेवते! तिथं ती "आमच्या गटाची परतफेड वेळेवर आहे" हे ठणकावून सांगते. मग स्वतःच्या कामाची वही उघडायची वेळ आली की हात का आखडतो?

हा संकोच आपल्याकडेच आहे असंही नाही. अमेरिकेत क्रिस्टीन एक्सली आणि जड केसलर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. पुरुषांना आणि बायकांना गणित-विज्ञानाच्या प्रश्नांची एक परीक्षा दिली. दोघांचे गुण साधारण सारखेच आले. मग विचारलं, "मी परीक्षेत चांगली कामगिरी केली, हे म्हणणं तुम्हाला कितपत पटतं? शून्य ते १०० मध्ये सांगा." पुरुषांनी स्वतःला सरासरी ६१ दिले, बायकांनी ४६! आणि गंमत म्हणजे, आपल्याला किती गुण मिळाले आणि इतरांच्या तुलनेत आपण कुठं आहोत, हे आधी सांगितल्यावरसुद्धा बायका स्वतःला कमीच लेखत राहिल्या. २०२२ साली हा अभ्यास एका नामांकित अर्थशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे आपण काय केलं हे ठाऊक नसतं म्हणून आपण कमी लिहितो असं नाही; ठाऊक असूनही कमी लिहितो. आणि वाचणारा साहेब तर समोरच्या कागदावर जे आहे तेच वाचणार.

हातच्या काकणाला आरसा लागतो!

"अहो, काम चांगलं असलं की ते दिसतंच. हातच्या काकणाला आरसा कशाला?" हेही वरचेवर ऐकू येतं. काकण आपल्या हातात असतं म्हणून आपल्याला दिसतं. पण अहवाल वाचणारा कोण? सरकारी पद्धतीत आधी तुमचा स्वतःचा मजकूर, मग त्यावर प्रतिवेदन अधिकाऱ्यांचा शेरा, आणि त्यावर पुनर्विलोकन अधिकाऱ्यांचं मत. त्यांपैकी निदान एकाने तरी तुम्हाला रोज काम करताना पाहिलेलं नसतं. कधी कधी साहेबांची जानेवारीत बदली होते आणि नव्या साहेबांना तुमचं नावही नीट माहीत नसतं. त्यांच्या हाती येतो तो फक्त कागद.

आणि त्या कागदावरचा एक शब्द किती जड असतो, हे सांगणारा एक खटला सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. देव दत्त नावाचे सीमेवरचे रस्ते बांधणाऱ्या खात्यातले कार्यकारी अभियंता. बढतीसाठी शेवटच्या पाच वर्षांचे शेरे 'अति उत्तम' हवेत असा दंडक होता. त्यांचा १९९३-९४ सालचा शेरा होता 'उत्तम'. आता 'उत्तम' म्हणजे काही वाईट नव्हे. आपल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात आला तर आपण पेढे वाटू! पण त्या एका शब्दाने त्यांची बढती अडली, आणि हा शेरा त्यांना कुणी कळवलेलाच नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००८ साली निकाल लागला तेव्हा ते निवृत्त झाले होते. न्यायालयाने सांगितलं की सरकारी नोकराच्या वार्षिक अहवालातली प्रत्येक नोंद, मग ती वाईट असो, साधारण असो की चांगली, त्याला वेळेत कळवली पाहिजे, म्हणजे त्याला आपलं म्हणणं मांडता येईल. २०१३ साली दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने हेच पुन्हा पक्कं केलं.

यातून आपण घ्यायचं ते एवढंच. सरकारी नोकरीत असाल तर आपला शेरा काय आला हे जाणून घेणं हा तुमचा हक्क आहे, तो मागा. शेरा पटला नाही तर मुदतीत लेखी म्हणणं द्या. पण म्हणणं देताना आधार कशाचा घेणार? तुम्ही स्वतः लिहिलेल्या मजकुराचा. तिथंच जर दोन मोघम ओळी असतील, तर नंतर भांडायला हातात काय उरलं?

लिहायचं कसं?

चार प्रश्न घ्या. वर्षाच्या सुरुवातीला काय होतं? मी काय केलं? वर्षाअखेर काय झालं? काय राहिलं आणि का? बस, चारच. यांची उत्तरं लिहिली की अहवाल तयार.

समजा, नगरपरिषदेच्या कर विभागात काम करणारी एखादी बाई आहे. "नावात बदलाचे अर्ज वेळेत निकाली काढले" असं ती लिहिते. त्याऐवजी तिने असं लिहावं : "१ एप्रिल रोजी नावात बदलाचे ६४ अर्ज प्रलंबित होते. वर्षात २१० नवे अर्ज आले. एकूण २७४ पैकी २६३ निकाली काढले. शिल्लक ११ पैकी ७ अर्जांत वारसाची कागदपत्रे अपुरी असून अर्जदारांना लेखी कळविले आहे. कागदपत्रांची यादी खिडकीबाहेर लावल्यामुळे अर्जदारांचे हेलपाटे कमी झाले." पाच वाक्यं. कुठंही स्वतःची स्तुती नाही. पण वाचणाऱ्याला बाई कशी आहे ते कळलं की नाही?

किंवा तिसरीच्या वर्गाची शिक्षिका घ्या. "विद्यार्थ्यांच्या वाचनाकडे विशेष लक्ष दिले" हे वाक्य हजार शिक्षिका लिहीत असतील. तिने लिहावं : "वर्गात ३४ मुले. जूनमध्ये ९ मुलांना परिच्छेद सलग वाचता येत होता. रोज शाळा सुटण्यापूर्वी २० मिनिटे जोडीने वाचन घेतले. मार्चमध्ये २६ मुले सलग वाचतात. उरलेल्या ८ पैकी ३ मुले दिवाळीनंतर पालकांबरोबर ऊसतोडीला गेली. बाकीच्या ५ मुलांसाठी पुढील वर्षाच्या शिक्षकांकडे स्वतंत्र टिपण दिले आहे." या शेवटच्या वाक्यात तर नुसता हिशेब नाही, त्या पाच मुलांची काळजी आहे. आकडे कोरडे असतात असं कोण म्हणतं?

लिहिताना काही पथ्यं पाळावीत.

एक, विशेषणं कमी, क्रियापदं जास्त. 'उत्कृष्ट', 'भरीव', 'मोलाचे' हे शब्द दुसऱ्यांनी आपल्याबद्दल लिहावेत. आपण लिहायचं : केलं, शोधलं, तपासलं, शिकवलं, थांबवलं.

दोन, 'आम्ही' कुठं आणि 'मी' कुठं हे नीट ठरवा. आपल्याला सगळं श्रेय वाटून टाकायची सवय फार. हळदीकुंकवाच्या वाणासारखं! काम चौघांनी मिळून केलं असेल तर चौघांनी केलं असंच लिहा, ते न्यायाचं आहे. पण त्यात तुमचा वाटा कोणता, हे पुढच्या वाक्यात सांगा. "स्नेहसंमेलन सर्वांनी मिळून पार पाडले, जमाखर्च आणि भोजनव्यवस्था माझ्याकडे होती, ठरलेल्या रकमेतून ३,२०० रुपये वाचले."

तीन, रजेबद्दल माफी मागू नका. बाळंतपणाची रजा ही मेहेरबानी नाही. २०१७ सालच्या कायद्याच्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी ती २६ आठवड्यांची झाली. "रजेमुळे काम होऊ शकले नाही, क्षमस्व" असं लिहायची काही गरज नाही. "या तारखेपासून या तारखेपर्यंत प्रसूती रजा; हजर असलेल्या सहा महिन्यांतील काम पुढीलप्रमाणे" एवढं पुरे.

चार, हा कागद गाऱ्हाण्याचा नव्हे. अमक्याने फाईल अडवली, तमकी कामच करत नाही, हे इथं नको. अडचण जरूर लिहावी, पण माणसाचं नाव घालून नाही. "छपाई यंत्र अडीच महिने बंद होते, दुरुस्तीसाठी तीन वेळा लेखी कळविले" असं लिहिलं की काम भागतं.

पाच, एक प्रत स्वतःजवळ ठेवाच. पुढच्या वर्षी तोच तुमचा आरसा.

राहिलेलं कामही लिहा

आता चौथा प्रश्न : काय राहिलं? इथं आपण दोन टोकांना जातो. एक तर काहीच राहिलं नाही असं दाखवतो, नाहीतर उगाच स्वतःला कमीपणा घेतो. "मला इंग्रजी येत नाही", "मला संगणकातलं काही कळत नाही" असली वाक्यं बोलताना ठीक, पण ती कागदावर गेली की कायमची चिकटतात.

राहिलेली गोष्ट कशी सांगावी, हे पार्वतीबाई आठवल्यांकडून शिकावं. आनंदीबाई कर्व्यांची ही धाकटी बहीण. तरुण वयात वैधव्य आलं. पुढं हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव हिंडून तिने वर्गणी गोळा केली. इंग्रजी काही येत नव्हतं. ते शिकायचं म्हणून चाळिशी उलटून गेल्यावर, १९१८ साली, ही बाई अमेरिकेला गेली आणि तिथं लोकांच्या घरी काम करून राहिली! १९२८ साली प्रसिद्ध झालेल्या 'माझी कहाणी' या आत्मकथेत तिने हे सारं सांगितलं आहे. येत नव्हतं, हेही तिने लपवलं नाही, आणि येत नव्हतं म्हणून मी काय केलं, हेही लपवलं नाही. उणं सांगायचं ते असं, पुढच्या पावलासकट.

तेव्हा "संगणकावरील तक्ते जमत नाहीत" असं न लिहिता, "तक्ते तयार करायला सप्टेंबरपासून शिकत आहे, मासिक पत्रक आता स्वतः करते, वार्षिक पत्रकासाठी अद्याप मदत लागते" असं लिहा. यात खोटं काहीच नाही, पण बाई चालती आहे हे दिसतं. प्रगती म्हणजे तरी काय? दुसऱ्याच्या पुढं जाणं नव्हे, कालच्या आपल्यापेक्षा पुढं जाणं.

आपली मुलं हे आपल्याआधी शिकणार आहेत बरं का! २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात मुलांच्या प्रगतिपत्रकाचं रूप बदलायचं ठरलं. त्यात शिक्षकांच्या शेऱ्याबरोबर मुलाने स्वतः केलेलं स्वतःचं मूल्यमापन असावं, वर्गमित्रांचंही असावं, असं म्हटलं आहे. म्हणजे आठ वर्षांचं पोर "मला हे जमतं, हे अजून जमत नाही" असं न लाजता सांगेल. मग त्याच्या आईने का बरं लाजावं?

वर्षभराचं आठवणार कसं?

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, "बाई गं, कालची भाजी कुठली केली ते आज आठवत नाही, वर्षापूर्वीचे आकडे कुठून आणू?" अगदी रास्त प्रश्न. आठवून लिहायला गेलात तर शेवटचे दोन महिनेच आठवतात आणि पावसाळ्यातली सारी मेहनत वाहून जाते.

उपाय मात्र आपल्या भिंतीवरच टांगलेला आहे. कालनिर्णय! दुधाचे खाडे, गॅस कधी लावला, कामवाल्या मावशींच्या सुट्ट्या, भिशीची तारीख, सारं आपण त्या चौकटींत लिहितो की नाही? महिनाअखेर दूधवाला "ताई, या महिन्यात तीनच खाडे" म्हणाला, तर आपण कॅलेंडरवर बोट ठेवून "पाच आहेत, हे बघा" म्हणतो. तिथं आपला संकोच कुठं जातो? लिहिलेलं असतं ना, म्हणून!

तशीच एक छोटी वही कामासाठी ठेवा. दर शुक्रवारी घरी निघण्यापूर्वी तीन ओळी. या आठवड्यात काय पुरं झालं, त्याचा एक आकडा, आणि नवीन काय शिकले. पाच मिनिटांच्या वर वेळ नको. वर्षाचे बावन्न शुक्रवार. त्यातले बारा चुकले तरी चाळीस नोंदी हातात राहतात. मार्चमध्ये मग दूध उतू घालवत बसावं लागत नाही. वहीतून वेचून उतरवलं की झालं.

कुणी कामाबद्दल पत्र दिलं, आभाराचा संदेश पाठवला, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र मिळालं, तर तेही त्याच वहीत घालून ठेवा.

आणि घर हीच नोकरी असेल तर?

"हे सगळं नोकरीवाल्यांचं झालं. आम्हाला कोण अहवाल मागतंय?" असं म्हणून पान उलटू नका. कुणी मागत नाही, म्हणूनच तर तुम्ही लिहायचा.

सरकारने २०१९ साली देशभर एक पाहणी केली. घरोघरी जाऊन माणसांना आदल्या दिवशी पहाटे ४ पासून त्या दिवशी पहाटे ४ पर्यंतचे चोवीस तास कशात गेले, ते अर्ध्या-अर्ध्या तासाने विचारलं. निघालं काय? घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्या बिनपगारी कामात जातात. जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची ९७. २०२४ साली पुन्हा पाहणी झाली तेव्हा बायकांचा आकडा २८९ आणि पुरुषांचा ८८ आला. बायकांची दहा मिनिटं वाचली म्हणावं, तर पुरुषांचीही नऊ वाचली! २८९ मिनिटांचा वर्षाचा हिशेब करा. साडेसतराशे तासांहून अधिक होतात. आठ तासांचा एक दिवस धरला तर जवळजवळ २२० दिवस. मुलांचं, आजाऱ्यांचं करणं त्यात धरलेलंच नाही, ते वेगळं.

या कामाची किंमत न्यायालयांनीही केली आहे, पण केव्हा? जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीत कितीतरी गृहिणी गेल्या. नुकसानभरपाईसाठी त्यांच्या कामाचं मोल किती धरायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं आला. २००१ साली न्यायालयाने ३४ ते ५९ वर्षांच्या गृहिणीचं काम महिना ३,००० रुपयांचं धरलं. पुढं २०२१ सालच्या एका निकालात न्यायालयाने म्हटलं की गृहिणीच्या कामाचं असं मोल धरणं ही तिच्या श्रमांची, त्यागाची दखल आहे. चांगलंच झालं. पण मैत्रिणींनो, या साऱ्या बेरजा बाईच्या मागं झाल्या. ती असताना तिने एखादी तरी केली असती तर?

म्हणून एक दोनशेपानी वही आणा. पाडव्याला किंवा आपल्या वाढदिवसाला, वर्षातून एकदा, तिच्यात स्वतःचा अहवाल लिहा. चार प्रश्न तेच. रकाने मात्र आपले.

पहिला रकाना पैशाचा. घरखर्चातून किती वाचवलं, कुठं ठेवलं, आणि माझ्या नावावर काय आहे? खात्यावर, घराच्या कागदावर, विम्यावर वारस म्हणून माझं नाव आहे का? गेल्या वर्षी माहीत नव्हतं आणि यंदा माहीत आहे, तर तीसुद्धा प्रगतीच.

दुसरा रकाना माणसांचा. सासूबाईंची साखर गेल्या वर्षी किती होती, आता किती आहे. मुलाचं गणित कुठं होतं, कुठं आलं. हे आपोआप झालेलं नाही, त्यामागं कुणीतरी वेळेवर औषध दिलंय, पाढे घेतलेत.

तिसरा रकाना शिकण्याचा. गाडी चालवायला शिकलात? मोबाईलवरून वीजबिल भरू लागलात? पाच पुस्तकं वाचलीत? लिहा.

आणि चौथा रकाना स्वतःच्या तब्येतीचा. हा रकाना कोरा राहतो, हे मी पैजेवर सांगते! सगळ्यांच्या तपासण्या आपल्याला तोंडपाठ, आणि आपलं हिमोग्लोबिन शेवटचं कधी बघितलं? बहुतेक शेवटच्या बाळंतपणात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तो रक्तक्षय. तेव्हा या रकान्यात तारखेसकट आकडा लिहा. कमी आला तर डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या वर्षीचा आकडा त्याच्या शेजारी लिहा. १० चे १२ झाले, तर यापेक्षा मोठी बढती कोणती?

ही वही आणखी एका कामाला येते. मुलं मोठी झाल्यावर पुष्कळजणी पुन्हा नोकरीकडे वळतात. अर्जात "मधली पंधरा वर्षे काय केले?" असा प्रश्न आला की आपण लिहितो, "काही नाही, घरीच होते." वहीची पानं उलटलीत तर त्या "काही नाही" मध्ये सोसायटीचा जमाखर्च सांभाळलेला सापडेल, शिकवणीची बारा मुलं सापडतील, सासऱ्यांच्या इस्पितळाच्या विम्याची कागदपत्रं एकटीने पुरी केलेली सापडतील. हे सगळं अर्जात लिहिण्याजोगं आहे. फक्त ते आधी कुठंतरी लिहिलेलं हवं.

लिहून झाल्यावर एकदा घरात वाचून दाखवा. "हे सगळं तू केलंस?" असं कुणी आश्चर्याने विचारलं तर रागावू नका. त्यांना खरंच माहीत नसतं. माहीत व्हावं म्हणूनच तर लिहिलं! आणि ऐकता ऐकता एखादा रकाना उचलायला कुणी पुढं आलं, तर त्याचं नाव पुढच्या वर्षीच्या अहवालात आनंदाने घाला.

कार्यालयाचा अहवाल ३१ मार्चला संपलेल्या वर्षाचा असतो. आपल्या वहीला तसं काही बंधन नाही. आज जो वार असेल तो चालेल. वरती तारीख घाला, आणि पहिलं वाक्य 'मी' पासून सुरू करा.